मंगळावरची मुंगी

पेंटरकाकांनी चाळीस वर्षं भिंतींवर चित्रं काढली, पण एकाही भिंतीवर त्यांचं नाव सापडायचं नाही. नावाच्या जागी ते मुंगी काढायचे. दवाखान्यात धबधबा काढला, तर एका दगडावर मुंगी. केस कापायच्या दुकानात डोंगर काढले, तर पायवाटेवर मुंगी. तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी, पण पाय सहाच्या सहा, मोजून घ्या. काकू म्हणायच्या, "लोक सही करतात, आमचे हे किडे सोडतात."

आता हाताला कंप सुटला होता. विज्ञान केंद्रातली ही भिंत शेवटची, असं काकांनी घरी जाहीरच करून टाकलं होतं. विषय होता मंगळ. डावीकडे आजचा, तांबडा आणि कोरडा ठणठणीत. उजवीकडे साडेतीन अब्ज वर्षांपूर्वीचा, नद्या-तळी-ढगांसकट. डावी बाजू तीन दिवसांत उरकली. उजवीकडच्या तळ्यापाशी मात्र काकांचा ब्रश अडला. इथे मुंगी चालेल का?

विचारायला केंद्रात दोन माणसं होती, आणि तिथेच घोटाळा झाला. एक सर, खडकांचे अभ्यासक. चष्मा कपाळावर ढकलून ते म्हणाले, "काका, पाणी होतं, ऊब होती, हवा जाड होती. एवढं पान वाढून ठेवल्यावर कोणी जेवायलाच बसलं नाही, असं होईल का?"

"म्हणजे जीव होते?"

"असणारच! म्हणजे... असावेत."

काकांनी काळा रंग कालवला. तेवढ्यात मॅडम आल्या. प्रदर्शनातल्या प्रत्येक अक्षराची जबाबदारी त्यांची.

"हे काळं कशाला?"

"मुंगीला. सर म्हणाले, जीव असावेत."

"सरांचं काय जातंय म्हणायला! खुणा पाण्याच्या मिळाल्यात काका, जिवांच्या नाही. पुरावा आणा आणि खुशाल हत्ती काढा."

"म्हणजे नव्हते?"

"नव्हते असं मी कुठे म्हटलं?"

काकांनी ब्रश धुतला. दुपारी सर डोकावले, "काय काका, मुंगी कुठाय?" ब्रश बाहेर. मॅडमच्या चपला वाजल्या, ब्रश पाण्यात. बुधवारी एका दिवसात हे चारदा झालं.

घरी येऊन काका धपकन खुर्चीत बसले. "अगं, दोघं तावातावाने भांडतात, आणि मधे पडावं तर म्हणतात, आमचं एकमत आहे!"

"अहो, भिंत रंगवताय की कोर्टात साक्ष देताय?"

"शेवटची भिंत आहे गं. बिनसहीची सोडू?"

काकूंचा कांदा चिरणारा हात थांबला.

दुसऱ्या दिवशी काकांनी दोघांना भिंतीसमोर उभंच केलं. "समजा, होते. तर केवढे?"

"डोळ्यांना दिसणार नाहीत एवढे," दोघं एका सुरात म्हणाले आणि एकमेकांकडे संशयाने बघू लागले.

"मग माझी मुंगी दिसली नाही, तर हरकत नाही ना?"

मॅडमनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "दिसलीच नाही तर... हरकत घेऊ कशावर?"

काकांनी सगळ्यात बारीक ब्रशचे केस कापत कापत एकच ठेवला. श्वास रोखून तो तळ्याच्या तळाशी नेला. हात थरथरला. केस टेकला की नाही, कळेना. जवळून पाहिलं, लांबून पाहिलं, एक डोळा मिटून पाहिलं. तोच चपला वाजल्या, आणि सवयीने घाबरून काकांनी वरून निळ्या रंगाचा हात फिरवला.

उद्घाटनाला काकू आल्या. "दाखवा बरं."

"ही बघ."

"ही भिंतीतली वाळू."

"मग ही?"

"हा ब्रशचा केस चिकटलाय, अहो."

"मला दिसतेय!" सर म्हणाले. त्यांचं बोट तिसरीकडेच होतं. मॅडमनी भिंग आणलं. "वाळूच. बहुतेक."

"पण तुम्ही काढलीत ना?" काकूंचा आवाज हळू झाला. "तुमचाच हात, आणि तुम्हालाच ठाऊक नाही?"

"ब्रश नेला होता, एवढं नक्की. टेकला का, ते..." काकांनी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, काकूंना समजलं नाही.

माणसं वाकलेली पाहून मागचे पाहुणेही वाकले.

"काय शोधताय?"

"मुंगी."

"मंगळावर? होती का?"

काकांनी मॅडमच्या हातातलं भिंग मागून घेतलं आणि ते तळ्याच्या दुसऱ्या काठाकडे सरकले.