देशपांडेचं लग्न आणि सहा कार्बनचं कडं

लॅबमध्ये माणूस टिकला की दोन गोष्टी अंगाला चिकटतात, वास आणि किस्से. वास साबणानं जातो हो!

पन्नासच्या दशकात मी पिंपरीच्या एका औषध कंपनीत होतो. शेजारच्या टेबलावर देशपांडे. हुशार, पण नोकरी कच्ची. चिंचवडच्या होणाऱ्या सासऱ्यांनी बजावलेलं, "कायम झाल्याचं पत्र दाखवा, मग मुहूर्त!"

विलायतेहून शिकून आलेल्या साहेबांनी त्याला काम दिलं. सहा कार्बनचं कडं सपाट नसतं, खुर्चीसारखं नाहीतर होडीसारखं वाकतं. त्यावर मोठा गट, म्हणजे अणूंचा जाडजूड गोळा, उभा बसला तर रेणू जास्त स्थिर, की आडवा? आठवड्यात उत्तर, त्यावर पत्र.

मॉडेल कुठून आणणार? देशपांडेनं कँटीनमधून बटाटे आणले, झाडूचे हीर खुपसले. झकास खुर्ची झाली. चौथ्या दिवशी कार्बनला कोंब फुटले!

मग गावठाणातल्या रामभाऊ सुतारांना लाकडी कडं सांगितलं. त्यांनी आणलं ते पाटासारखं सपाट! "अहो, वाकडं हवं होतं!" देशपांडे कळवळला.

"वाकडं काम आपल्या हातनं जायाचं न्हाई," रामभाऊ म्हणाले. शेवटी हातापाया पडून वाकडं करून घेतलं, खुंट्यांवर लाकडी गोळे लावून.

त्यातच सासरे जावयाचं काम बघायला आले. "हे काय?" "खुर्ची." जरा वाकवून, "आणि ही होडी." सासरे चहा अर्धा टाकून गेले. मला हसू आवरेना, पण पोराचा चेहरा बघून वाईटही वाटलं.

शेवटी साहेब आले. रामभाऊ सैल खुंटी ठोकायला तिथंच होते. साहेबांनी विचारलं, "बोला, मोठा गोळा कुठं?"

देशपांडे घाईनं म्हणाला, "उभा, सर."

"न्हाई जी," रामभाऊ मधेच बोलले. "उभा केला की त्याच बाजूच्या दोन गोळ्यांना घासतोय. आडवा काढा, ऐसपैस बसतोय."

साहेबांनी देशपांडेकडं पाहिलं. "बरोबर कोण?"

आता गेलं लग्न, मी मनात म्हटलं. देशपांडेनं गोळा उभा लावला, चाचपला. मग आडवा लावला.

"रामभाऊ बरोबर, सर. मी चुकलो."

साहेबांनी खिशातून पत्र काढलं, तिथंच सही केली आणि देशपांडेच्या हातात दिलं. मग रामभाऊंकडं वळले. "तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

"शिकवायचं काय त्यात? एका बाजंवर तिघं निजल्यावर जाडं माणूस कुणी मधी घालतं व्हय?"