विनंती : शून्य मार्क

फॉर्म घेऊन आठ-दहा शाळा फिरलं, की पिशवीत उत्तरांपेक्षा किस्सेच जास्त जमतात. मी एम.ए. अर्ध्यात सोडलं, तरी कॉलेजातल्या सरांच्या संशोधनाचे फॉर्म अजून मीच वाटून राह्यलो. विषय भारी: घरी गोंडी बोलणारी पोरं मराठीत विनंती, तक्रार, आभार कसे मांडतात! कमी मार्क पडले, की शाळेत नावापुढं शेरा: ‘बोलण्या-वागण्यात कच्चा’. तो शेरा मी एकाही पोराला लागू देणार नव्हतो.

*

सिंदेवाहीकडची शाळा. प्रश्न: ‘हॉटेलात वेटरने चुकीचा पदार्थ आणला. काय म्हणाल?’

अख्ख्या वर्गाचं उत्तर: ‘खाऊन टाकू!’

फॉर्म पाहून सर म्हणाले, “तक्रार करता येत नाही यांना.”

“सर, यातले हॉटेलात गेले किती?”

“तो कॉलम नाही फॉर्ममध्ये!”

*

मग सरांनी चार-चार पर्याय छापले. सगळ्यांनी सर्वांत नम्र पर्यायावर खूण केली. सर खूश!

मी एकाला विचारलं, “हेच काऊन?”

“सगळ्यात लांब आहे ना भाऊ! परीक्षेत लांब उत्तरच बरोबर राह्यते.”

*

‘मैत्रिणीने पेन दिला. काय म्हणाल?’

पोरी हसत सुटल्या. “बोलाले टाइम कुठी? पेपर चालू राह्यते ना!”

आभार: शून्य. सर स्वतः चहा आणून देणाऱ्याकडं मान वर करून पाहत नाहीत, ते कोण तपासणार?

*

पोंभुर्ण्याकडची रोशनी, आठवीतली. ‘शेजाऱ्याची सायकल हवी आहे. काय म्हणाल?’ ओळ कोरी. विनंती: शून्य.

मी म्हटलं, “लिहून नका घेऊ सर. समोर करून दाखवू द्या तिले.”

“डिग्री सोडणाऱ्याने पद्धत शिकवू नये!”

“डिग्री सोडली सर, कान नाई सोडले. तुम्ही चला, नाईतर भरलेला एकही फॉर्म देणार नाई.”

*

आले, तणतणत. सर झाले शेजारी, रोशनी मागणारी. मास्तरांची सायकल खुर्चीजवळ उभी केली.

रोशनी आली, समोर खाली बसली. गप्प. मग म्हणाली, “धान निघालं का भाऊ?”

“हो… निघालं.”

“घरच्या बाई बऱ्या आहेत?”

“बऱ्या आहेत.”

पुन्हा गप्प.

“माय तापानं पडून आहे. दवाखाना लय दूर आहे.”

एवढं बोलून ती सायकलीकडं पाहत बसली. सर खुर्चीत चुळबुळले, घड्याळ पाहिलं, शेवटी उठलेच.

“अगं, मग घेऊन जा ना सायकल! मागायचं काय त्यात!”