मावशीचा आवाज भरून घेतला तेव्हा

ही गोष्ट मी आजवर कोणाला नीट सांगितलेली नाही. सांगायला बसले की आधी माझी बाजूच पुढे येते, आणि मग मला माझाच संशय येतो.

आम्ही सुरतेत डिंडोलीला राहायचो. माझी मावशी आमच्याच गल्लीत, चार घरं सोडून. तिला मूल नव्हतं. काका यंत्रमागावर जायचे आणि ती घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवायची. एरवी गल्लीत तिची फारशी विचारपूस होत नसे. पण लग्नसराई आली की कोणीतरी बाई कुंकवाची कुयरी घेऊन तिच्या दारात उभी राहायची.

"चाल व माय. तुनाबिगर हयद कशी लागी?"

मावशी हातातली साडी बाजूला सारून आधी नावं विचारायची. नवरदेवाच्या आईचं नाव काय, मामा किती, आत्या कोणत्या गावाला दिली. हळदीची आमची अहिराणी गाणी तिला तिच्या सासूकडून आली होती, पण त्यात नावं ओवायची ती तिनंच. गाण्यात स्वतःचं नाव आलं की बाया पदरात तोंड लपवून हसायच्या. एखाद्या आत्याचं नाव राहून गेलं तर ती फुगून बसायची, आणि मावशी तिच्यासाठी वेगळं कडवं म्हणायची. त्या दोन-तीन तासांत मावशीसारखी श्रीमंत बाई मी पाहिलेली नाही.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मीच पहिली. त्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, सुमाराला एकाच दुपारी दोन हळदी आल्या. एक आमच्या शेजारची, मावशीनं आधीच कबूल केलेली; दुसरी सुरतेच्या पार दुसऱ्या टोकाला, कोसाडला, लांबच्या नात्यात. कोसाडच्या बाया रुसल्या. त्यांच्यातली एक म्हणाली, "मोठी व्हयनी तू! आते तुनी तारीख ली सन लगन ठेवानं का?"

मावशी कासावीस झाली. तोडगा मी काढला. म्हटलं, कोसाडसाठी तुझा आवाज कॅसेटमध्ये भरून देऊ.

शेजाऱ्यांचा टेप आणला. घरघर येऊ नये म्हणून पंखा बंद केला, दार लावलं. घामाघूम होऊन मावशी भिंतीकडे तोंड करून बसली. कोसाडवाल्यांची सगळी नावं विचारायची राहिली होती, म्हणून मीच म्हटलं की नावं सोड, नुसतं 'नवरदेव' आणि 'नवरदेवाची माय' असं म्हण.

"नावंच नही, त कोना घरनी हयद म्हनवानी?" ती म्हणाली.

"फक्त एवढ्या वेळेपुरतं, मावशी."

तिनं माझ्या शब्दावर गायलं.

कोसाडची हळद छान झाली. पंधरा दिवसांनी त्यांच्या पलसाण्याच्या पाहुण्यांनी कॅसेट मागितली. दुसरी प्रत भरून घ्यायला मी ती कॉलेजच्या रस्त्यावरच्या कॅसेटच्या दुकानात नेली. आमच्या घरातली सिनेमाची सगळी गाणी त्याच दुकानात भरून घेतलेली होती. कंपनीच्या कॅसेटी काचेआड दिसायच्या, त्या आपल्यासाठी नसतात एवढंच आम्हाला माहीत होतं. ज्यांनी ती गाणी गायली त्यांचं काय, हा विचार मला कधी शिवला नव्हता.

दुकानदारानं दोन मिनिटं ऐकलं. "बेन, आवाज बहुत मस्त है. एक कॉपी मैं रख लूं? आपके खानदेशवाले रोज पूछते हैं."

मी म्हटलं, "मावशीला विचारायला पाहिजे."

तो हसला. "अरे बेन, शादी के गाने का कोई मालिक होता है क्या? आपकी मौसी ने बनाए हैं?"

 खरं सांगायचं तर मला अभिमान वाटला. माझी मावशी दुकानात! मी हो म्हटलं. पुढच्या वेळी गेले तेव्हा तिथे त्या कॅसेटींची एक लहानशी चळत होती. वर कॅलेंडरमधून कापलेल्या कुठल्यातरी नवरीचं चित्र, खाली 'खान्देशी हळद'. मावशीचं नाव नव्हतं. ते मी सांगितलंच नव्हतं.

पुढच्या लग्नसराईत मावशीकडे दोन बोलावणी आली. त्याच्या पुढच्या वर्षी एकही नाही. माघ सरला, फाल्गुन सरला. दुपारी ती वेणीफणी करून टिकल्यांचं काम घेऊन दारातच बसायची. एके दिवशी मागच्या गल्लीत मांडव पडला आणि भोंग्यातून तिचाच आवाज यायला लागला. मावशीची बोटं साडीवर थांबली. तिनं एक कडवं पुरतं ऐकलं. मग म्हणाली, "कोन शे व ही? गळा मना गळासारखाच शे."

मी सगळं सांगून टाकलं. दुकान, ती चळत, माझं हो म्हणणं. तिनं एवढंच विचारलं, "कितल्या व्हतीन?"

"माहीत नाही, मावशी. पलसाण्यापर्यंत गेल्यात."

ती आधी हसली. "इतला घरेसमा मी गाई उनू, आन् कोनी कपभर चहा बी नही पाजा!" मग तिनं साडी उचलली आणि आत गेली.

तिनं मला रागावावं असं मला फार वाटत होतं. ती रागावली नाही. पुढेही कधी नाही. दुकानदाराचं म्हणणं मी पुष्कळदा मनात तपासलं. गाणी तिची नव्हती हे खरंच होतं. पलसाण्याच्या एका बाईनं मला सांगितलं होतं की गाव सोडल्यापासून अशी हळद कानावर पडली नव्हती, कॅसेट ऐकून ती रडली. तेही खरंच असणार. मग मी कोणाचं काय चोरलं, हे मला धड मांडता येत नाही. बोलावणं काही कॅसेटमध्ये भरून घेता येत नाही, तरी ते गेलं ते त्याच कॅसेटबरोबर, इतकंच कळतं.

काही वर्षांनी माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं. माय स्वतः कुयरी घेऊन मावशीकडे गेली. मावशी आली. आमची सगळी माणसं तिला तोंडपाठ, तरी तिनं माझ्या आत्यांची नावं पुन्हा एकदा विचारून घेतली. मांडवात बसली, घसा साफ केला आणि पहिली ओळ उचलली. पोरींनी लगेच साथ धरली. पंधरा-वीस पोरी, सगळ्या त्या कॅसेटवर वाढलेल्या.

दुसऱ्या ओळीत मावशीनं माझ्या मायचं नाव घेतलं. पोरी 'नवरदेवाची माय' म्हणत पुढे निघून गेल्या. मावशीनं पुढच्या कडव्यात मामाचं नाव जरा मोठ्यानं घातलं. ते कोणाला ऐकूही गेलं नाही. कॅसेटची चाल, कॅसेटचा वेग, सगळं त्यांना पाठ होतं. एक पोरगी लाडानं म्हणाली, "आजी, तुम्ही चुकताय. असं नाहीये ते."

मी उठून त्यांना थांबवायला हवं होतं. मी हळदीचं ताट नुसतंच इकडचं तिकडे केलं.

मावशीनं त्या पोरीकडे पाहिलं, मान हलवली, आणि पुढची ओळ त्यांच्यासारखी म्हटली. त्याच्या पुढचीही. टाळी देत, सुरात, सगळ्यांबरोबर. हळद लागून झाली. आमच्या घरातल्या एकाही माणसाचं नाव त्या गाण्यांत ऐकू आलं नाही.