दर शनिवारी एक पान

एस्तेरबाई गेल्या, आणि सकाळपासून फोन उघडला की मला मळमळतंय.

"आपल्या वाचनालयाला अनमोल ग्रंथ देणाऱ्या थोर शिक्षिका." गावच्या ग्रुपवरचा मेसेज, खाली हात जोडलेल्यांची रांग.
वर फोटो कुणाचा? बाईंचा नाही. काचेच्या कपाटातल्या त्या कॉलरवाल्या साहेबाचा.

शी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बाई आमच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. साठचं दशक नुकतं सुरू झालं होतं. शिरूर तालुक्यातलं आमचं गाव, आणि मी चौथीत.

बाई मूळच्या दौंडच्या. वडील रेल्वेत गार्ड. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबानं जाताना वडिलांना एक पुस्तक दिलं होतं. पाटाएवढं मोठं आणि पानापानावर रंगीत चित्रं, देशोदेशीच्या चित्रकारांची.

ते पुस्तक बाईंनी गावच्या नव्या वाचनालयाला देऊन टाकलं. चारचौघांत एकच अट घातली. काचेच्या कपाटात उघडं ठेवा आणि दर शनिवारी एक पान उलटा. म्हणजे पोरींना आठवड्याला एक नवीन चित्र बघायला मिळेल.

चेअरमन होते आप्पा. ते म्हणाले, "व्हय बाई, शब्द दिला."

पहिल्या दिवशी आप्पांनी एक पान उघडलं. काळा कोट, दाढी, मानेभोवती चुण्याचुण्यांची पांढरी गोल कॉलर. कुणीतरी परदेशी सद्गृहस्थ. मग कपाटाला कुलूप लावलं आणि चावी बंडीच्या खिशात टाकली.

ते पान पुढं उलटलंच नाही.

दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की बाई आम्हा सात-आठ पोरींना घेऊन तिकडं जायच्या.

"आप्पा, पान उलटायचंय."

"बाई, हाताळलं की खराब व्हतंय. येवढी मोलाची वस्तू हाय, जपाय नगं?"

"मी बघायला दिलंय, आप्पा. जपायला माझ्या ट्रंकेत होतंच की."

"पुढच्या शनवारी बघू."

पुढच्या शनिवारी पुन्हा तेच.

आप्पांनी स्वतः तरी ते पुस्तक कधी चाळलं का? नाव काढू नका. दसऱ्याला मात्र कपाटाला झेंडूचा हार आणि काचेला हळदकुंकू. आठवडे बाजाराला आलेल्या म्हाताऱ्या त्या दाढीवाल्यापुढं हात जोडायच्या.

"ह्ये कोन म्हाराज म्हनायचं?"

"ह्येंनीच बांधलं की वाचनालय," कमिटीतला एक जण गंभीर चेहऱ्यानं सांगायचा. कुणी हसायचंही नाही. आठवलं की आजही अंगावर शहारा येतो, किळसेचा.

मला पुढचं पान बघायचं होतं. बाकी काही नको होतं.

त्यावर काय आहे ते बाईंनी वर्गात सांगितलं होतं. भाजीबाजार. कोबीचे ढीग, टोपलीत मासे, आणि मधोमध एक जाडजूड बाई खदखदून हसतेय, तिचा पुढचा दात पडलाय. बाईंनी फळ्यावर ते सगळं काढूनही दाखवलं.

"बाई, रंग कसले आहेत?" मी विचारलं.

त्यांच्या हातात पांढरा खडू होता.

"ते बघायलाच पाहिजे गं," म्हणाल्या.

आमच्या रानात कोबी होता. तरी मला त्या चित्रातल्या कोबीचा हिरवा रंग बघायचा होता. कितीतरी वर्षं मी तो मनातल्या मनात रंगवत होते.

आप्पा गेले. चावी या चेअरमनकडून त्या चेअरमनकडं फिरत राहिली. पश्चिमेच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हानं चित्रातल्या साहेबाचा काळा कोट चहाच्या रंगाचा झाला.

इथवर वाचून तुम्ही आप्पांना शिव्या घालत असाल. खुशाल घाला. मी जन्मभर घातल्यात.

आता पुढचं ऐका.

गेली नऊ वर्षं वाचनालयाची अध्यक्ष मी आहे.
चावी माझ्या पर्समध्ये असते.

तीन वर्षांपूर्वी बाई आल्या होत्या, काठी टेकत, नातीचा हात धरून. शनिवारच होता. कपाटापुढं उभ्या राहिल्या.

"चावी कुणाकडं असते गं आता?"

"माझ्याकडं, बाई."

"मग उलट की पान."

आणि मी, चौथीतली ती हावरट पोरगी, काय म्हणाले?

"बाई, कागद फार जुना झालाय. तुकडा पडेल. आधी कुणी तज्ज्ञ बोलावू, स्कॅन करून घेऊ. एक-दोन महिन्यांत नक्की."

बाई हसल्या.

"आप्पा निदान पुढचा शनिवार तरी सांगायचे."

तज्ज्ञ आला नाही. मी बोलावलाच नाही. माझ्या हातून पान फाटलं तर गाव मलाच नावं ठेवेल, एवढीच भीती होती. म्हणजे सकाळपासून जे मळमळतंय ते त्या मेसेजमुळं नाही. मला माझीच शिसारी आलीय.

आज शनिवार. शिरूरला बाईंच्या मातीला गेले होते. तिथून तडक वाचनालयात आले. कुलूप गंजलं होतं, तेल घालावं लागलं. पान उचललं तर साहेबाच्या चित्राचा एक कोपरा तुटून माझ्या बोटात आला.

तुटू दे. उलटलं.

या पानाला कधी ऊन लागलंच नव्हतं. रंग कालच दिल्यासारखे. ती बाई हसतेय, दात पडलाय, अगदी फळ्यावर होती तशीच.

आणि कोबी हिरवा नाहीये.
जांभळा आहे. गर्द जांभळा.

मी तिथंच खुर्चीत बसून रडले.

कुलूप काढून टाकलंय. पोरींनो, या. हात लावून बघा. फाटलं तर फाटलं.

बाई, श्रद्धांजली म्हणायला मला तोंड नाही.
पान उलटलंय, एवढंच सांगते.