दरीच्या काठावरचा फोन

अमेरिकेतल्या त्या प्रचंड दरीच्या काठावर एक म्हातारं जोडपं बाकावर बसलं होतं. तिने थर्मासच्या झाकणात कॉफी ओतली आणि न बघताच हात बाजूला केला. त्यानेही न बघताच झाकण घेतलं. समोर अख्खी दरी मावळतीला लाल होत होती, आणि मी आपली त्या झाकणाकडेच बघत बसले.

ही सहल खरं तर आम्हा दोघांची. ऐन वेळी नवऱ्याच्या गुडघ्याने दगा दिला. "तू जा, मी ऐकतो," म्हणाला. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी फोनवर एकपात्री प्रयोग लावते. कधी रानगवा होते, कधी उकळत्या पाण्याचं कारंजं. तिकडे पुण्यात तेव्हा त्याचा सकाळचा चहा चालू असतो. पण दिवसभर एकटीने गाडी हाकून आज जीभसुद्धा दमली होती. आणि मी गप्प बसले, तर त्याची सहल तिथेच संपणार होती.

"बोल, काय दिसतंय?"

"दरी."

"बरं, मग?"

"खोल आहे रे."

पलीकडून बशीतला चहा फुरकल्याचा आवाज आला.

"दमलीयस तू. बस तिथेच, आज मी सांगतो." त्याने अगदी माझ्या थाटात घसा खाकरला. "तर बाईसाहेब, आपल्या गॅलरीच्या कठड्यावर या क्षणी एक दुर्मीळ बोका अवतरला आहे. त्याची नजर दुधाच्या पिशवीवर आहे. आणि शेजारच्या वहिनी झाडू घेऊन निघाल्यात..."

मी डोळे मिटून घेतले.

"हळू सांग," म्हटलं, "मला सगळं बघायचंय."