बिनभिंतीचं दार

दोन वर्षं आमच्या घराला फक्त दार होतं. भिंती नव्हत्या. हे सांगितलं की माझ्या सासरचे हसतात. हसू देत, त्यांचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेलं नाही.

बाबा सुतार. गाव सोडताना त्यांनी आपल्या हातचं सागाचं दार चौकटीसकट काढून गाडीत घातलं. आईचा पाटा-वरवंटा मात्र तिथेच राहिला. आई ते अजून बोलून दाखवते. नव्या गावठाणात जोतं बांधलं, मुहूर्तावर चौकट उभी केली, नारळ फुटला. आता भिंती चढायच्या, तर अख्खं गाव बाबांकडे, कारण प्रत्येकालाच दारं-खिडक्या हव्या होत्या. बाबांना कुणाला नाही म्हणणं जमलं नाही. आमच्या भिंती राहून गेल्या. आम्ही मागे टिनाच्या छपरात, आणि जोत्यावर ते दार एकटंच, तेल पाजलेलं, दोन्ही पल्ल्यांसकट.

कामाला निघताना बाबा त्याला कुलूप लावत.

"कुलूप कायले लावता? चोर बाजूनं नाही येनार?" आई विचारायची.

"बाजूनं आला त चोर. दारातून आला त पाहुना," म्हणत बाबा हत्यारांची पेटी उचलत. जोत्यावर जायचं तर आम्हालाही दारातूनच, अशी सक्ती होती. कुत्र्याला तेवढी मोकळीक.

मग ताईच्या लग्नाचं निघालं. एक स्थळ छपराकडे बघून चहाही न घेता परतलं. ताईने त्या दिवशी सांगून टाकलं, आणखी एकदाच दाखवायला बसेन, नाही जमलं तर पुन्हा नाव काढू नका. नंतर दिघोरीहून निरोप आला, "घर पाहाले येतो." घर! आई रडायलाच बसली. मी तर बाबांवर भयंकर चिडले होते. गावाला घरात घातलं आणि पोरीला उघड्यावर ठेवलं.

पाहुणे आले. मुलाचे वडील सरळ बाजूने जोत्यावर चढले. बाबांनी हात जोडले, "इकडून या जी. दार हाये ना."

आईने कपाळावर हात मारला. पाहुण्यांनी बाबांकडे पाहिलं, खाली उतरले, वळसा घालून दारासमोर गेले आणि कडी वाजवली. बाबांनी आतून दार उघडलं. "या, या!" आत येऊन ते बसलेच नाहीत. पल्ले तीनदा उघडून-लावून पाहिले, सांध्यावरून बोट फिरवलं.

"असं दार करनारा मानूस भिंतीबी उभ्या करनच," ते म्हणाले. "पोरगी पसंत हाये."

ताई अजून छपरातून बाहेरही आली नव्हती.

लग्न त्याच उन्हाळ्यात झालं, भिंतींच्या आधी. ताई त्या दारातून निघाली. गाडी वळणाआड गेली तसे बाबा आत गेले, दार लोटलं, आतून कडी घातली आणि जोत्यावर बसून मोठमोठ्याने रडू लागले. बाबांना रडताना मी कधी ऐकलं नव्हतं. माझा सगळा राग तिथेच विरघळला.

बाहेर निम्मं गाव उभं होतं. दोन पावलं बाजूला सरकलं असतं तर बाबा दिसले असते. कुणी सरकलं नाही. बऱ्याच वेळाने शेजारच्या म्हाताऱ्याने हळूच कडी वाजवली.

"येऊ का जी?"

"थांबा जराक," बाबा आतून म्हणाले.

आम्ही सगळे थांबलो.