शेवटची बस साडेपाचची

डोंगराच्या पायथ्याहून शेवटची बस साडेपाचला सुटायची. दर रविवारी डोंगर चढायला येणारी शहरातली मंडळी मात्र रमतगमत पावणेसहाला उतरत, आणि सगळ्यांत मागे काठी टेकत एक निवृत्त हेडक्लार्क. त्यांच्यासाठी ड्रायव्हर सहा वर्षं टायरला लाथा मारत हवा तपासल्याचं सोंग करायचा. आत बसलेले प्रवासी त्याच्या नावाने खडे फोडायचे. हेडक्लार्क चढताना म्हणायचे, "दादा, तुम्ही आहात म्हणून आमचं जमतं."

एका रविवारी घरी बायको तापाने फणफणली होती. त्या दिवशी त्याने बस वेळेवर सोडली.

मंगळवारी डेपोत साहेबांनी तक्रार वाचून दाखवली. 'बस नेहमी पावणेसहाला सुटते. या खेपेस ड्रायव्हरने मनमानी करून पंधरा मिनिटं आधी सोडली.' खाली सही हेडक्लार्कांची. साहेबांनी सहा वर्षांच्या उशिराबद्दल त्याची बढती रोखली.

पुढच्या रविवारी बरोबर साडेपाचला त्याने गिअर टाकला. आरशात हेडक्लार्क दिसले. काठी काखोटीला मारून उतारावरून धावत येत होते. ज्या पायांपायी सहा वर्षं शिव्या खाल्ल्या, ते इतके झकास पळतात हे त्याला आज कळलं.